इतिहासाच्या तासालाही फळ्यावर गणित हवे

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या गणित अभ्यासमंडळांचे सदस्य

सन्माननीय सदस्यहो,

भारतीय ज्ञानप्रणालीच्या दोन श्रेयांकांमुळे गणिताच्या इतिहासाला पदवीच्या वर्गात जागा मिळाली. दोन श्रेयांक म्हणजे साधारण तीस तास. एवढ्या वेळात पुष्कळ काही होऊ शकते, आणि काहीही न होता तीस तास भरूनही निघतात. आर्यभट ४९९, ब्रह्मगुप्त ६२८, भास्कराचार्य ११५० अशी नावे आणि साले फळ्यावर उतरली, प्रत्येकाखाली ‘योगदान’ म्हणून चार ओळी आल्या, परीक्षेत जोड्या लावून झाल्या, की घटक संपला. चक्रवाल पद्धत, म्हणजे फेरीफेरीने पूर्णांक उत्तर शोधण्याची रीत, भास्कराचार्यांच्या बीजगणितात आहे हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. ती चालते कशी हे विचारले की तो गप्प.

आमची मागणी साधी आहे. ज्या रीतीचे नाव अभ्यासक्रमात येईल ती रीत वर्गात हाताने सोडवली जावी, आणि त्याच प्रश्नाला दुसऱ्या संस्कृतीने दिलेले उत्तर तिच्या शेजारी मांडले जावे. हे कसे करता येते आणि कुठे फसते, ते उदाहरणांनीच सांगतो.

सुरुवात चौरसाच्या कर्णापासून करावी. येल विद्यापीठाच्या संग्रहात तळहातावर मावेल एवढी मातीची एक गोलसर बॅबिलोनी वडी आहे, क्रमांक वायबीसी ७२८९, काळ इ.स.पू. १८०० ते १६००. तिच्यावर एक चौरस, त्याचे दोन्ही कर्ण आणि तीन संख्या कोरल्या आहेत. बाजूवर ३०; कर्णावर १, २४, ५१, १०; त्याखाली ४२, २५, ३५. लिखाण साठमानात आहे, म्हणजे दुसरी संख्या १ + २४/६० + ५१/३६०० + १०/२१६०००, अर्थात १.४१४२१२९६. दोनाचे वर्गमूळ १.४१४२१३५६. तिसरी संख्या हा तिचा ३०शी गुणाकार. इथे विद्यार्थ्याला कॅल्क्युलेटर देऊ नये. गुणाकार साठमानातच करायला लावावा. १० गुणिले ३० म्हणजे ३००, यात पाच साठ, खाली शून्य, हातचे ५. ५१ गुणिले ३० म्हणजे १५३०, हातचे मिळवून १५३५, यात पंचवीस साठ आणि उरले ३५. २४ गुणिले ३० म्हणजे ७२०, हातचे २५ मिळवून ७४५, बारा साठ आणि २५. शेवटी ३० अधिक १२, म्हणजे ४२. वडीवरची संख्या जशीच्या तशी येते. या दहा मिनिटांत स्थानमान ही दहाची मक्तेदारी नाही हे जेवढे पक्के होते तेवढे व्याख्येने होत नाही. एक अडचण मात्र आधी सांगून ठेवावी. या लिखाणात पूर्णांक कुठे संपतो आणि अपूर्णांक कुठे सुरू होतो याची खूण नाही. ३० म्हणजे तीसही आणि अर्धाही. दोन्ही अर्थ धरून वडी वाचायला लावली तर वर्गात चांगली वादावादी होते.

त्याच तासाला बौधायन शुल्बसूत्र, म्हणजे यज्ञवेदीच्या मापांचा प्राचीन ग्रंथ, घ्यावे. कर्णाचा नियम असा: मापात त्याचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. म्हणजे १ + १/३ + १/१२ − १/४०८, बेरीज ५७७/४०८, दशांशात १.४१४२१५७. सूत्र नियम देते, तो सापडला कसा ते सांगत नाही. बिभूतिभूषण दत्त यांनी विसाव्या शतकात एक जुळणी मांडली, ती पुठ्ठ्यावर करता येते. १२ सेंटिमीटर बाजूचे दोन चौरस कापा. दुसऱ्याच्या ४ सेंटिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या करा. दोन पट्ट्या पहिल्या चौरसाच्या लगतच्या दोन बाजूंना लावा. तिसरीतून ४ बाय ४चा तुकडा काढून कोपरा भरा. आता १६चा चौरस झाला. उरलेल्या तुकड्याच्या १ बाय ४च्या आठ चिंधोळ्या निघतात. चार-चार दोन बाजूंना लावल्या की १७ बाय १७चा चौरस जवळजवळ पुरा होतो, फक्त कोपऱ्यात १ बाय १ची जागा रिकामी राहते. ती भरून काढायला दोन्ही बाजूंनी किती रुंदीची पट्टी कापायची? १ भागिले दुप्पट १७, म्हणजे १/३४ सेंटिमीटर. सूत्रातला चौतीस इथून येतो. ही पट्टी ०.३ मिलिमीटरची असल्याने कात्रीला जमत नाही, आणि हिशेबातही दोन्ही पट्ट्यांचा कोपरा दोनदा मोजला जातो म्हणून उत्तर नेमके येत नाही. हे दोन्ही मुद्दे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावेत. ही जुळणी आजच्या अभ्यासकाचा तर्क आहे, मूळ ग्रंथात ती नाही, एवढे मात्र स्पष्ट सांगावे.

आता गंमत पाहा. ५७७/४०८ साठमानात लिहिली तर १, २४, ५१, १०, ३५ अशी सुरू होते. पहिली चार स्थाने वडीवरचीच. वर्गातून लगेच आवाज येतो, म्हणजे बॅबिलोनहून आले! दुसऱ्या बाकावरून येतो, नाही, इथून तिकडे गेले! असे बादरायण संबंध जोडणे थांबवायचे शिक्षण इथेच द्यायला हवे. दोनाच्या खऱ्या वर्गमुळाचीही पहिली चार स्थाने तीच आहेत, १, २४, ५१, १०, ७. उत्तराच्या पुरेसे जवळ गेलेल्या दोघांचे आकडे जुळणारच. शिवाय १७/१२ घेऊन त्याची २४/१७शी सरासरी काढली की ५७७/४०८च मिळते. तिथे पोहोचायच्या वाटा एकाहून अधिक आहेत. देवाणघेवाण सिद्ध करायला लागतो तो पुरावा वेगळा: कोणी नाव घेऊन ऋण मान्य केलेले, एखादा अनुवाद, किंवा दोन्हीकडे सारखीच झालेली चूक.

असा पुरावा पुष्कळ ठिकाणी आहे, म्हणून तर जिथे नाही तिथे ताणायची गरज नाही. सीरियातला विद्वान सेवेरस सेबोख्त ६६२ साली भारतीयांच्या नऊ चिन्हांची वाखाणणी करतो. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय सिद्धांतग्रंथ बगदादला अरबीत गेला. बगदादच्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने भारतीय अंकगणितावर लिहिलेले पुस्तक लॅटिन रूपात टिकले. १२०२ साली पिसाचा लिओनार्दो ‘भारतीयांच्या नऊ अंकां’पासून आपले पुस्तक सुरू करतो. उलट दिशेचा व्यवहारही तितकाच खरा. वराहमिहिराच्या पंचसिद्धांतिकेत रोमक आणि पौलिश हे ग्रीक-रोमन परंपरेतले सिद्धांत आहेत, आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने तूसीच्या अरबी पाठावरून युक्लिड संस्कृतात आणला. केवळ देणाऱ्यांची यादी करणारा अभ्यासक्रम निम्माच इतिहास सांगतो.

बगदादचे नाव निघाले आहे तर तिथली एक रीत. वर्ग आणि त्याच्या मुळाची दहापट मिळून ३९. अल्-ख्वारिझ्मी सांगतो: दहाचे निम्मे ५, त्याचा वर्ग २५, तो ३९मध्ये मिळवून ६४, मूळ ८, त्यातून ५ गेले, उरले ३. सोबत चौरसाची आकृती. विद्यार्थी लगेच म्हणतो, सर, उणे १३ राहिले. राहू द्या. क्षेत्रफळाच्या भाषेत विचार करणाऱ्याला उणे बाजू नसते, म्हणूनच त्याला वर्गसमीकरणाचे सहा वेगळे प्रकार करावे लागले. आजच्या चिन्हांत सगळे एकाच सूत्रात बसवले की हे सहा प्रकार का होते तेच कळेनासे होते. आधुनिक रूपांतर जरूर द्यावे, पण मूळ रीत सोडवून झाल्यावर.

रेषीय समीकरणांसाठी चीनकडे जावे. ‘नऊ प्रकरणे’ या चिनी ग्रंथाच्या आठव्या प्रकरणातले पहिलेच उदाहरण धान्याच्या पेंढ्यांचे आहे. उत्तम ३, मध्यम २, कनिष्ठ १ यांतून ३९ मापे. २, ३, १मधून ३४. १, २, ३मधून २६. चिनी गणक हे आकडे काड्यांनी उभ्या रांगांत, उजवीकडून डावीकडे मांडत. वर्गात आगकाड्या चालतात. धन आकड्यांना लाल आणि ऋण आकड्यांना काळ्या, ही लिऊ हुईने तिसऱ्या शतकात नोंदवलेली पद्धत. मधली रांग तिप्पट करून तिच्यातून उजवी दोनदा काढा, ०, ५, १, २४ उरते. डावी तिप्पट करून उजवी एकदा काढा, ०, ४, ८, ३९. मग डावी पाचपट करून मधली चारदा काढा, ०, ०, ३६, ९९. कनिष्ठ २ पूर्णांक ३/४, मागे जात मध्यम ४ पूर्णांक १/४, उत्तम ९ पूर्णांक १/४. मुले चुकतात ती बहुधा रिकाम्या जागेवर. काढून टाकलेल्या काड्यांची जागा मोकळी न ठेवता बाकीच्या वर सरकवल्या की सगळा हिशेब बिघडतो. रेषीय बीजगणिताच्या पेपरात हीच कृती गॉसच्या नावाने येते. दोन्ही पेपर एकाच सत्रात असतील तर ही तासिका तिथे जोडून टाकावी.

आणि आता ज्यासाठी हा अभ्यासक्रम आखला, ते भारतीय गणित. ब्रह्मगुप्ताचे उदाहरण असे: एका वर्गाला ९२ने गुणून १ मिळवला तर पुन्हा वर्ग यावा. तो म्हणतो, वर्षभरात जो हे सोडवील तो गणक. दहाचा वर्ग शंभर आणि ९२ यांतला फरक ८, हा क्षेप; म्हणजे १०, १ आणि क्षेप ८ हे पहिले त्रिकूट. भावना म्हणजे दोन त्रिकुटांचा संयोग, इथे त्रिकुटाचा स्वतःशीच. मोठी संख्या १०० + ९२ = १९२, लहान २ × १० × १ = २०, क्षेप ६४. चौसष्ट हा आठाचा वर्ग, म्हणून आठाने भागा: २४, ५/२, क्षेप १. अपूर्णांक आला तरी घाबरू नका, पुन्हा भावना करा: ५७६ + ५७५ = ११५१, आणि २ × २४ × ५/२ = १२०. पडताळा: ११५१चा वर्ग १३,२४,८०१; ९२ × १४,४०० = १३,२४,८००. फळ्यावर दहा ओळी. वर्ष कशाला, एक तास पुरतो. पण भावना सुचायला ब्रह्मगुप्त लागतो.

पुढच्या तासाला ९२च्या जागी ६१ ठेवा. भावना एकटी इथे सहज सुटका करत नाही. भास्कराचार्य चक्रवाल लावतात. ८, १, क्षेप ३ इथून निघा. अशी संख्या शोधा की तिच्यात ८ मिळवले तर ३ने भाग जाईल आणि तिचा वर्ग ६१च्या जवळ असेल, ती ७. नवी मोठी संख्या (८ × ७ + ६१) भागिले ३ = ३९, लहान (८ + ७) भागिले ३ = ५, क्षेप (४९ − ६१) भागिले ३ = −४. एका फेरीत क्षेप उणे चारवर आला, आणि चारवर आल्यावर कसे सुटायचे ते ब्रह्मगुप्ताने आधीच सांगून ठेवले आहे. निम्मे केले की ३९/२, ५/२, क्षेप −१. स्वतःशी भावना: १५२३/२, १९५/२, क्षेप १. त्याची पहिल्याशी भावना: २९,७१८ आणि ३,८०५, क्षेप −१. ही शेवटची एकदा स्वतःशी: १,७६,६३,१९,०४९ आणि २२,६१,५३,९८०. हाच ६१ फर्माने १६५७ साली युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकला. या समीकरणाला पेलचे नाव ऑयलरमुळे चिकटले. पेलचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. विद्यार्थी बहुतेक वेळा चुकतात ते ७च्या निवडीत. ४ किंवा १० घेतले तरी ३ने भाग जातोच, पण क्षेप उणे १५ किंवा अधिक १३ होतो आणि फेऱ्या वाढतात. वर्गाचे तीन गट करून तिघांना तीन संख्या द्याव्यात, म्हणजे ‘जवळचा वर्ग’ ही अट कशासाठी आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

केरळच्या माधवाबद्दलही तेच. वर्तुळाची श्रेढी त्याची, एवढे सांगून थांबू नये. १ − १/३ + १/५ − … ही श्रेढी इतकी मंद चालते की दहा पदे घेऊन चौपट केली तर ३.०४१८ येते. कोणताही विद्यार्थी विचारील, मग हिचा उपयोग काय? उपयोग आहे तो शेवटच्या संस्कारात. शेवटचा छेद १९, पुढची सम संख्या २०. तिचे निम्मे १०, आणि २०चा वर्ग अधिक एक ४०१. शेवटचे पद वजा होते म्हणून १०/४०१ मिळवा, चौपट करून ०.०९९७५. उत्तर ३.१४१५९०२. दहा पदांत पाच दशांश स्थळे बरोबर. श्रेढीची उपपत्ती सोळाव्या शतकातल्या ज्येष्ठदेवाने ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात मल्याळममध्ये लिहून ठेवली. भारतीय गणितात सिद्धता नव्हती असे म्हणणाऱ्याला तेवढा एक ग्रंथ पुरे. तो नको असेल तर आपल्या कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाची लीलावतीवरची ‘बुद्धिविलासिनी’ टीका आहे, १५४५ची, उपपत्तींसह.

काही गोष्टी अभ्यासक्रमातून काढाव्यात. आर्यभटाने शून्याचा शोध लावला, हे वाक्य पहिले. स्थान बदलले की दसपट होते हे आर्यभटीयात आहे. शून्याचे चिन्ह नाही. शून्याचे बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्ताचे, आणि त्यांत शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, हा आज न टिकणारा नियमही आहे. तो लपवू नये. उलट भास्कराचार्यांचा खहर, म्हणजे शून्य छेद असलेली राशी, त्याच्यासमोर ठेवावा. लीलावतीत एक उदाहरण आहे: एका संख्येला शून्याने गुणून, त्यात त्याचेच निम्मे मिळवून, तिप्पट करून, शून्याने भागले तर ६३ येतात. भास्कराचार्य उत्तर देतात १४. शून्याने गुणणे आणि भागणे त्यांनी जणू एकमेकांत फेडून टाकले आहे. यावर अर्धा तास सहज जातो आणि जावा.

आर्यभटाने पायची अचूक किंमत दिली, हे दुसरे. २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ देताना तो स्वतःच ‘आसन्न’ म्हणतो. त्याच्या प्रामाणिकपणावर पाणी ओतण्याचे कारण नाही. तिसरे, वैदिक गणित. १९६५ साली छापलेल्या त्या पुस्तकातली सूत्रे ज्ञात वैदिक वाङ्मयात सापडत नाहीत, हे त्याच्या संपादकीयातच नोंदले आहे. तोंडी हिशेबाच्या युक्त्या म्हणून त्या खुशाल शिकवा. वेदकालीन गणित म्हणून शिकवायला शुल्बसूत्रे आहेत. बख्शाली हस्तलिखिताचे कालमापनही जपून वापरावे. २०१७ साली जाहीर झालेल्या चाचणीत त्याच्या वेगवेगळ्या पानांचे काळ काही शतकांच्या अंतराने आले, आणि त्यावर वाद आहे. तारीख पक्की असलेले शून्य दाखवायचे तर ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातला ८७६चा लेख आहे, २७० आणि ५० हे आकडे असलेला. त्याहून जुना, शके ६०५चा, कंबोडियातला आहे.

महाराष्ट्रात तर सहलच काढता येते. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात दानांचे आकडे आहेत, पण दहा, शंभर, हजार यांना वेगळी चिन्हे आहेत; स्थानमान नाही. तिथल्या आकड्यांच्या ठशांसमोर ग्वाल्हेरचे २७० ठेवले की स्थानमानाने काय बदलले ते दिसते. चाळीसगावजवळच्या पाटणचा शके ११२८चा लेख भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि बाजारातल्या करांतून त्याचा खर्च लावून दिला, ही व्यवस्था त्यात लिहिली आहे, आणि करांचा तपशील आहे जुन्या मराठीत. हा लेख डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठी इतिहास १८९६चा आहे. संदर्भ इंग्रजीतच मिळतात ही सबब महाराष्ट्रात चालू नये.

तीस तासांची वाटणी आम्ही अशी सुचवतो: साठमान आणि शुल्ब ६, चिनी काड्या ३, अल्-ख्वारिझ्मी ३, आर्यभट आणि कुट्टक ५, भावना-चक्रवाल ६, केरळ ४, अंकांचा प्रवास ३. इजिप्त आणि माया यांना स्वतंत्र तास नाहीत. वेळ उरल्यास आह्मोसच्या पपायरसमधला दुपटीने गुणाकार आणि मायांची तिसऱ्या स्थानाला ४००ऐवजी ३६० घेणारी दिनगणना गृहपाठाला द्यावी. कुट्टक म्हणजे बाक्यांवरून संख्या शोधण्याची भारतीय रीत; तिच्या जोडीला सुन्-त्सू या चिनी गणितज्ञाचे उदाहरण घ्यावे: ३ने भागून २, ५ने भागून ३, ७ने भागून २ बाकी उरते ती संख्या. चिनी रीत ७० × २ + २१ × ३ + १५ × २ = २३३, त्यातून २१० वजा, २३. कुट्टकानेही तेच येते, पण भाजकांचे दोन-दोन करून. गुण अंतर्गत मूल्यमापनात कृतीला द्यावेत, कारण पुठ्ठा आणि काड्या तीन तासांच्या पेपरात मावत नाहीत.

आणि प्रश्नपत्रिका बदलल्याशिवाय यातले काहीही वर्गात पोहोचणार नाही, म्हणून तीन नमुने सोबत देतो. एक: ८३ गुणक घेऊन ९, १ या जोडीपासून क्षेप १ मिळवा, दोनपेक्षा जास्त वेळा भावना करावी लागली तर कुठे चुकलात ते लिहा. दोन: १७/१२ ही संख्या साठमानात लिहा आणि तिचा वर्ग साठमानातच काढा. तीन: दोन संस्कृतींत एकच उत्तर सापडले आहे, देवाणघेवाण झाली असे म्हणायला आणखी कोणता पुरावा मागाल, ते या अभ्यासक्रमातल्या एका उदाहरणासह सांगा.

आपले,
गणिताच्या इतिहासाचे काही शिक्षक आणि अभ्यासक